हाताला कळलेली वीज
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)





आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवात चार शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा मनःपूर्वक ऋणी आहे. हे ऋण आजचे नाही. ट्रस्टचे वसतिगृह नुकतेच सुरू झाले होते, त्या काळात खेड्यातून आलेला मी एक मुलगा येथील कोपऱ्यातल्या खोलीत राहून शिकलो. पुढे विद्युत अभियांत्रिकीचा अध्यापक झालो आणि ३४ वर्षे तोच विषय शिकवून निवृत्त झालो. संयोजकांनी मला ‘अभियांत्रिकी शिक्षण आणि विद्यार्थी’ असा विषय दिला आहे. तो फार विस्तृत आहे. त्यातील ज्या एका भागाविषयी मी अनुभवाने बोलू शकतो, तेवढ्यापुरतेच मी बोलणार आहे. ऊर्जा आणि वीज हा विषय विद्यार्थ्याला प्रत्यक्ष हाताने काम करून कसा शिकविता येतो, आणि त्यात आपल्यासारख्या समाजाचा वाटा काय असू शकतो, एवढाच आजचा मुद्दा आहे.

आरंभी एक प्रसंग सांगतो. तो सांगताना मला आजही संकोच वाटतो, कारण त्यात दोष विद्यार्थ्याचा नव्हता, माझा होता.

विजेचा मोठा प्रवाह मोजण्यासाठी करंट ट्रान्सफॉर्मर नावाचे उपकरण वापरतात. त्याचा एक कडक नियम आहे. मुख्य तारेतून प्रवाह चालू असताना त्याच्या दुसऱ्या बाजूचे वेटोळे कधीही उघडे ठेवायचे नाही, कारण तेथे अतिशय उच्च दाब निर्माण होतो. माझ्या एका अत्यंत हुशार विद्यार्थ्याने तोंडी परीक्षेत हा नियम, त्याचे कारण आणि त्याचे सूत्र अस्खलित सांगितले. मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी प्रयोगशाळेत तो विद्यार्थी अँपिअरमीटर बदलण्यासाठी उठला आणि भार चालू असतानाच त्याने मीटरची तार सोडविली. ठिणगी उडाली. दैव बलवत्तर म्हणून बोट भाजण्यावर निभावले. मी धावत गेलो तेव्हा तो पांढराफटक चेहरा करून मला म्हणाला, “सर, हाच तो ट्रान्सफॉर्मर होता का?”

तो प्रश्न मला अनेक रात्री झोपू देईना. मुलाला नियम पाठ होता. समोरची वस्तू मात्र त्याच्या ओळखीची नव्हती. पुस्तकात ती एक आकृती होती आणि प्रयोगशाळेत ती टेबलाखाली बसविलेली एक काळी पेटी होती. त्या दोहोंची गाठ घालून देणे हे माझे काम होते, आणि मी ते केले नव्हते.

आपल्यापैकी पुष्कळांची मुले-मुली आज अभियांत्रिकीला आहेत. म्हणून आमच्याकडील प्रात्यक्षिके कशी होतात हे आपल्याला ठाऊक असावे. एका यंत्राभोवती पंधरा-वीस विद्यार्थी उभे राहतात. दोघे जोडणी करतात, एक जण आकडे लिहून घेतो, बाकीचे पाहतात. पुढे मागील वर्षीच्या विद्यार्थ्याची प्रयोगवही मिळते आणि आकडे तिच्यातून उतरविले जातात. शेवटच्या वर्षी प्रकल्प असतो. तोही बाजारात तयार मिळतो, अहवालासकट. असे अहवाल मी ओळखत होतो. तरीही कित्येक वर्षे त्यांवर सह्या करीत होतो, हेही मला आज कबूल केले पाहिजे. वेळ नाही, विद्यार्थी फार, अभ्यासक्रम मोठा, अशी कारणे माझ्यापाशी होती. परंतु त्या भाजलेल्या बोटापुढे त्यातले एकही कारण टिकण्यासारखे नव्हते.

त्यानंतर मी माझ्यापुरता एक नियम केला. प्रकल्प लहान असला तरी चालेल. पण तो खऱ्या जागी, खऱ्या माणसासाठी असला पाहिजे. आधी मोजायचे, मग बदल करायचा आणि पुन्हा मोजायचे. आकडे फसले तर फसलेले आकडेही वहीत लिहायचे.

या नियमाने केलेल्या पहिल्या प्रकल्पाची हकिगत ऐकण्यासारखी आहे. नदीकाठच्या एका गावातील शेतकऱ्याचा पाच अश्वशक्तीचा पंप आमच्या तिघा विद्यार्थ्यांनी निवडला. पंप किती कार्यक्षम आहे हे शोधायचे होते. साधने साधीच होती: २०० लिटरचे एक पिंप, हातातले घड्याळ, मोजपट्टी आणि तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारा क्लॅम्पमीटर. पिंप ४० सेकंदांत भरले, म्हणजे सेकंदाला पाच लिटर पाणी. नदीच्या पातळीपासून शेतातील नळाच्या तोंडापर्यंतची उंची ३६ मीटर भरली. पाणी उचलण्यास लागणारी शक्ती सुमारे १७६६ वॅट आली. मग विजेची बाजू मोजली. दाब २३० व्होल्ट, प्रवाह साडेआठ अँपिअर, शक्तिगुणक ०.८. गुणाकार करून ते आनंदाने माझ्याकडे आले. पंपाची कार्यक्षमता ११३ टक्के निघाली होती!

जितकी वीज घेतली त्याहून अधिक काम करणारा पंप जगात असता तर विजेचा प्रश्नच मिटला असता. मी काही सांगितले नाही. “पुन्हा शेतावर जा” एवढेच म्हटले. दुसऱ्या दिवशी स्टार्टरमध्ये येणाऱ्या तारा बोटाने मोजत असताना त्यातील एकाच्या लक्षात आले की, तारा तीन आहेत आणि आपण हिशोब एकाच तारेचा केला आहे. तीन फेजांचा हिशोब केल्यावर पंप सुमारे ४६९० वॅट खातो असे दिसले आणि कार्यक्षमता ३८ टक्क्यांवर आली. त्रिफेज शक्तीचे सूत्र त्या मुलांनी दोन वर्षांपूर्वीच परीक्षेत लिहिले होते. ते त्यांना खऱ्या अर्थाने त्या दिवशी, त्या स्टार्टरपुढे उमगले.

पुढचे काम त्याहून उद्बोधक होते. ३८ टक्केच का, याचा शोध घेताना फूटव्हॉल्व्ह गाळाने अर्धा बुजलेला आढळला. पाइपला काटकोनात वळणारे एल्बो अनावश्यक ठिकाणी लावलेले होते. मुलांनी शेतकऱ्याच्या संमतीने आणि गावातल्या मिस्त्रीच्या मदतीने फूटव्हॉल्व्ह बदलला व काटकोनी एल्बो काढून मोठ्या वळणाचे बेंड बसविले. आता तेच पिंप ३३ सेकंदांत भरू लागले. प्रवाह किंचित वाढून ८.७ अँपिअर झाला, पण कार्यक्षमता ४५ टक्क्यांच्या जवळ पोहोचली आणि तेवढ्याच पाण्यासाठी लागणारी वीज सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाली.

विद्यार्थी मोठ्या उत्साहाने शेतकऱ्याला विजेची बचत समजावून सांगू लागले. त्या गृहस्थांचे बिल मीटरवर नव्हते, पंपाच्या अश्वशक्तीवर ठरलेले होते. ते हसून म्हणाले, “बिलाचं सोडा वो पोरांनो, मला रात्री किती वाजता घरी जायला मिळंल ते सांगा.” त्या आठवड्यात गावाला शेतीची वीज रात्रीची होती. मुलांनी पुन्हा गणित मांडले. पूर्वी आठ तासांत जेवढे पाणी येत होते, ते आता सहा तास छत्तीस मिनिटांत येणार होते. म्हणजे अंधारात, साप-किरडाच्या भीतीत, बॅटरी घेऊन बांधावर उभे राहण्याचे जवळजवळ दीड तास वाचणार होते. अभियंत्याचा आकडा आणि माणसाचा आकडा वेगळा असू शकतो, हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. तो त्या मुलांना त्या शेतकऱ्याने दिला.

सगळेच प्रकल्प असे सफल झाले असे मात्र नाही. एका गावात डीपी वारंवार जळत होती. आमच्या विद्यार्थ्यांनी पाहणी केली. १०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरवर पाच अश्वशक्तीचे १६ पंप होते. सर्व पंप चालू असता १३६ अँपिअर प्रवाह लागे. ट्रान्सफॉर्मरची क्षमता सुमारे १३३ अँपिअर. म्हणजे तो आधीच काठोकाठ भरलेला होता. त्यात प्रत्येक स्टार्टरला ऑटोस्विच. वीज आली की सोळाही पंप एकाच क्षणी सुरू होत. मोटार सुरू होताना नेहमीच्या सहापट प्रवाह ओढते असे धरले, तरी त्या क्षणी आठशे अँपिअरच्या वर मागणी होई. कपॅसिटर कोणाच्याच पंपाला नव्हता. वीज कंपनी शेतकऱ्यांना ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा असे वारंवार का सांगते, हे मुलांना त्या आकड्यांतून कळले.

ऑटोस्विच काढण्यास कोणी तयार होईना, म्हणून मुलांनी प्रत्येक स्टार्टरला वेगवेगळ्या विलंबाचा टायमर बसविण्याचे ठरविले, जेणेकरून पंप एकामागून एक सुरू व्हावेत. तंत्र अचूक होते. एक हंगाम ते उत्तम चालले. मग एकाला वाटले की शेजाऱ्याचे पाणी आपल्याआधी सुरू होते. त्याने टायमर काढला. त्याचे पाहून दुसऱ्याने काढला. पुढच्या उन्हाळ्यात डीपी पुन्हा जळाली. विद्यार्थी खिन्न होऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले की प्रकल्प फसला, अहवालात काय लिहावे? मी म्हटले, हेच लिहा. यंत्राचे गणित सुटले, पण सोळा माणसांना एकत्र बसवून क्रम ठरविण्याचे आणि तो दरवर्षी आळीपाळीने बदलण्याचे काम आपण केले नाही, असे लिहा. माझ्या मते त्या वर्षीचा तो सर्वोत्तम अहवाल होता.

हाताने शिकण्याचा हा विचार माझा नाही आणि नवाही नाही. आपल्याच भागातील कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले होते. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग घालून दिला. त्यांच्या वसतिगृहांतील मुले श्रमाला कमीपणा मानीत नसत. पुढे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ या दुष्काळी भागातील गावी विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतील संशोधनाचे काम सोडून ते खेड्यात राहावयास गेले. शाळेत ज्यांचे मन रमले नाही अशी मुले तेथे वेल्डिंग, बांधकाम, विजेची जोडणी, शेती असे प्रत्यक्ष काम करीत विज्ञान शिकू लागली. आठवड्यातील एक दिवस शाळेतील मुलांनी हाताने काम करावे, गावाच्या उपयोगी पडावे आणि त्यातून शिकावे, असा अभ्यासक्रम तेथून अनेक शाळांपर्यंत पोहोचला आणि ऊर्जा हा त्यातील एक विभाग आहे.

ही पद्धत केवळ खेड्यातील साध्या कामापुरतीच आहे असेही कोणी समजू नये. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ नावाचा सुमारे एक किलो वजनाचा उपग्रह तयार केला. विद्यार्थ्यांच्या तुकड्या बदलत गेल्या, एका तुकडीने दुसरीच्या हाती काम सोपविले आणि २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोटा येथून इस्रोच्या पीएसएलव्ही सी-३४ यानाने तो अवकाशात नेला. एवढ्याशा उपग्रहाला स्वतःच्या अंगावरील सौरघटांतून मिळेल तेवढ्याच विजेत आपला संसार भागवावा लागतो. पिंप आणि घड्याळ घेऊन केलेला पंपाचा हिशोब आणि उपग्रहाच्या विजेचा हिशोब यांची जात एकच आहे. किती आले, किती गेले आणि कोठे वाया गेले, हे तिन्ही ठिकाणी विचारावे लागते.

तिन्ही ठिकाणी म्हणालो, कारण तिसरे ठिकाण आपले घर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने पीएम सूर्यघर योजना सुरू केली. एक कोटी घरांच्या छपरांवर सौरसंच बसविण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून आपल्या राज्यात २०१७ पासून सौर कृषी वाहिनीची योजना राबविली जात आहे. हे संच बसविणारे, तपासणारे, दुरुस्त करणारे हात कोठून येणार? मागील वर्षी एका घरी गेलो असता यजमानांनी तक्रार केली की, भर दुपारी ऊन असूनही गावाची वीज गेली की आमचा सौरसंचही बंद पडतो, कंपनीने फसविले. घरात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा होता; त्यालाही कारण सांगता आले नाही. कारण असे की, बॅटरीविना थेट वीजवाहिनीला जोडलेला संच वाहिनी बंद होताच स्वतः थांबतो. तो थांबला नाही, तर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छपरावरून गेलेली वीज मारू शकेल. यजमान ज्याला दोष समजत होते, ती एका अनोळखी माणसाच्या जिवाची काळजी होती. त्या मुलाने महाविद्यालयात एकदा तरी असा संच स्वतः जोडून पाहिला असता, तर वडिलांची समजूत त्यानेच घातली असती.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. वीज चुकीला क्षमा करीत नाही. हाताने शिकणे म्हणजे मुलांना तारांवर मोकळे सोडणे नव्हे. आरंभ १२ व्होल्टच्या बॅटरीने आणि लहान सौरपटलाने करावा. मोठ्या दाबाला हात लावण्यापूर्वी पुरवठा बंद करून, फ्यूज काढून तो स्वतःच्या खिशात ठेवावा आणि तारेत वीज नाही याची टेस्टरने खात्री करावी. एकट्याने काम करू नये. पायात रबरी तळाचे बूट असावेत आणि प्रयोगाच्या जागी ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक स्विच असावे. जोडणी तपासल्याखेरीज शिक्षकाने बटण दाबू देऊ नये. हे नियम भिंतीवर टांगून येत नाहीत. रोज पाळूनच अंगी बाणतात.

आता मी मूळ मुद्द्याकडे येतो. यात समाजाने काय करावे?

पहिली विनंती पालकांना आहे. आपण मुलांना शिकवितो ते त्यांचे हात काळे होऊ नयेत म्हणून, अशी आपली एक समजूत झाली आहे. आपल्या पूर्वजांनी शेतात आणि दुकानात कष्ट उपसले, म्हणून पुढच्या पिढीला सावलीतली नोकरी मिळावी ही इच्छा मी समजू शकतो. माझ्या वडिलांचीही तीच होती. परंतु ज्या अभियंत्याचे हात कधीच काळे झाले नाहीत, त्याच्या हाती यंत्र आणि माणसे सोपविणे धोक्याचे आहे. मुलगा किंवा मुलगी घरातील मिक्सर उघडून बसली तर आधी प्लग काढला आहे ना एवढे पाहावे, आणि मग रागावू नये.

दुसरी विनंती व्यावसायिक बांधवांना आहे. आपल्या समाजात तेलघाणी आहे, इचलकरंजीकडे यंत्रमाग आहेत, शीतगृहे आहेत, पाणीपुरवठ्याच्या संस्था आहेत, शेती तर घरोघर आहे. देणगी देण्यास आपण मागे राहत नाही. पण चार विद्यार्थ्यांना पंधरा दिवस आपल्या कारखान्यात मोजमाप करू देणे, त्यांच्या प्रश्नांना आपल्या फोरमनला उत्तरे देऊ देणे, ही देणगी पावतीवर दिसत नसली तरी तितकीच मोलाची आहे.

तिसरी विनंती विश्वस्त मंडळाला आहे. दरवर्षी आपण गुणवंतांचा सत्कार करतो, तो अवश्य करावा. त्याबरोबर एक पारितोषिक अशा विद्यार्थ्याला द्यावे, ज्याने एखादी खरी अडचण मोजून, बदल करून, पुन्हा मोजून वहीत मांडली आहे, मग तो यशस्वी झालेला असो वा नसो. आणि वसतिगृहाच्या मागील पत्र्याची शेड मोकळी आहे, ती कार्यशाळेसाठी द्यावी. पहिला प्रकल्प वसतिगृहाचाच असू शकेल. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. चाळीस पंखे रोज बारा तास फिरले असे धरले, तर फरक दिवसाला २१ युनिटांहून अधिक होतो. हे मी कागदावर सांगत आहे. ते खरे आहे की नाही हे आपल्या मुलांनी मीटर लावून तपासावे आणि माझे चुकले असेल तर पुढील वार्षिक सभेत उभे राहून तसे सांगावे. त्यात मला आनंदच होईल.

केवळ विनंती करून थांबणे योग्य नाही. माझ्याकडे एक क्लॅम्पमीटर, एक मेगर, दोन मल्टिमीटर आणि हत्यारांची पेटी आहे. ती मी आजच वसतिगृहाच्या स्वाधीन करतो. शेड मिळाली तर दर शनिवारी दुपारी मी तेथे येईन. ज्या कोपऱ्यातल्या खोलीत मी सूत्रे पाठ केली, तिच्यापासून ती शेड पन्नास पावलांवर आहे. ती पन्नास पावले चालायला मला फार वर्षे लागली. आजच्या मुलांना ती लवकर चालता यावीत, एवढीच इच्छा आहे.